ॲमीन की ॲमाइड, ईथर की एस्टर? सारख्या नावांच्या क्रियात्मक गटांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त प्रश्न आलेत ते अभिक्रियांबद्दल नव्हे, क्रियात्मक गटांच्या, म्हणजे रेणूचे गुण ठरवणाऱ्या अणूंच्या ठरावीक जुळण्यांच्या, नावांबद्दल. आदल्या रात्री तक्ता तोंडपाठ असतो आणि पेपर हातात आला की एस्टरच्या जागी ईथर लिहून मोकळे होतात. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आहे, नावं ठेवणाऱ्यांचा बराच आहे. वर्गात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांना मी देते ती उत्तरं खाली एकत्र केली आहेत.

इतकी सारखी नावं ठेवली तरी कुणी?

कुणा एकाने नाही, आणि एका बैठकीतही नाही. यातली बरीच नावं पडली तेव्हा रेणूची रचना ठाऊकच नव्हती. पदार्थ कशातून मिळाला, त्याला वास कसला येतो, यावरून बारसं व्हायचं. ‘कीटोन’ आणि ‘एस्टर’ ही दोन्ही नावं १८४८ मध्ये लेओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रूढ केली. ॲसिटोनला तेव्हा जर्मनमध्ये ‘आकेटोन’ म्हणत, त्याचं पहिलं अक्षर गळालं आणि कीटोन उरलं. एस्टरची गोष्ट आणखी गमतीची आहे. इथाइल ॲसिटेटचं जर्मन नाव होतं ‘एसिग-एथर’, म्हणजे व्हिनेगरचं ईथर. त्याचं डोकं आणि शेपूट जोडून ‘एस्टर’ झालं. म्हणजे ईथर आणि एस्टर सारखे वाटतात हा तुमच्या कानांचा भ्रम नाही. एस्टरच्या पोटात ईथर आहेच.

अल्डिहाइडही असाच कापून शिवलेला शब्द. ‘अल्कोहोल डिहायड्रोजेनेटस’, म्हणजे हायड्रोजन काढून घेतलेलं अल्कोहोल. हे लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं काम. शिस्त पुढे आली: १८९२ मध्ये जिनिव्हाला नामकरणाचे नियम ठरले आणि १९१९ मध्ये आययूपीएसी ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तोवर जुनी नावं बाटल्यांवर चिकटली होती. ती आजही निघालेली नाहीत.

पाठांतर न करता गट ओळखायची एखादी युक्ती आहे का?

आहे, आणि या पानावरचं एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी मला चालेल. रेणूत ऑक्सिजन किंवा नायट्रोजन दिसला की त्याच्याकडे टक लावून बसू नका. तो ज्या कार्बनला धरून आहे त्या कार्बनकडे बघा, आणि विचारा: या कार्बनने दुहेरी बंधाने आणखी एक ऑक्सिजन धरलाय का? म्हणजेच शेजारी कार्बोनिल आहे का?

आता जिना चढल्यासारखं बघा. ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना साधे कार्बन असले तर ते ईथर. एका बाजूचा कार्बन कार्बोनिल झाला की एस्टर. दोन्ही बाजूंचे झाले की ॲनहायड्राइड. नायट्रोजनचंही अगदी तसंच: शेजारी एकही कार्बोनिल नाही तर ॲमीन, एक असेल तर ॲमाइड, दोन्हीकडून कार्बोनिलनी घेरला तर इमाइड. क्लोरीनला साधा कार्बन मिळाला तर अल्किल क्लोराइड, कार्बोनिल मिळाला तर ॲसिल क्लोराइड. ओएच गट साध्या कार्बनवर असेल तर अल्कोहोल, कार्बोनिलवर असेल तर कार्बोक्झिलिक ॲसिड.

बहुतेक फसव्या जोड्या या एकाच प्रश्नाने सुटतात. उरलेल्यांकडे पुढे वळू.

ॲमीन आणि ॲमाइड यांत एका अक्षराचाच तर फरक आहे. प्रत्यक्षात तो केवढा?

प्रचंड. इथाइलॲमीन सुमारे १७ अंश सेल्सिअसलाच उकळतं, माशांसारखा वास मारतं, पाण्यात विरघळून लाल लिटमस निळा करतं. ॲसिटॅमाइडमध्येही कार्बन दोनच, नायट्रोजन एकच. पण तो पांढरा स्फटिकी घन पदार्थ, ८० अंशांच्या आसपास वितळणारा, आणि लिटमस ढिम्म हलत नाही. दोघांच्या आम्लारिधर्मातली तफावत दहा अब्ज पटींहून जास्त आहे.

कारण पुन्हा शेजारी. ॲमीनच्या नायट्रोजनवर बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची एक जोडी असते. ती मोकळी असते, प्रोटॉन आला की पुढे होते. ॲमाइडमध्ये हीच जोडी शेजारच्या कार्बोनिलकडे ओढली जाते आणि तिथेच अडकून पडते. त्यामुळे कार्बन-नायट्रोजन बंधाला थोडासा दुहेरी बंधाचा गुण येतो, तो सहज फिरत नाही आणि आजूबाजूचे अणू एका प्रतलात येतात. प्रथिनांमधला पेप्टाइड बंध म्हणजे हाच ॲमाइड. तो असा ताठ आणि निष्क्रिय नसता तर प्रथिनांच्या साखळ्यांना ठरावीक घड्या पडल्या नसत्या.

लिहिण्याबद्दल एक सूचना. काही जण ‘ॲमाइन’ लिहितात. मग ‘ॲमाइन’ आणि ‘ॲमाइड’ यांत खरंच फक्त न आणि ड एवढाच फरक उरतो, आणि वर प्रोपाइनसारख्या अल्काइनशीही घोळ होतो. ‘ॲमीन’ लिहा, निम्मी चूक तिथेच टळते. इंग्रजीतही याच कारणासाठी अल्काइनच्या शेवटी ‘आय’ऐवजी ‘वाय’ लिहितात.

मग इमीन, इमाइड आणि एनॅमीन?

इमीनमध्ये कार्बन आणि नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. कार्बोनिलमधला ऑक्सिजन काढून तिथे नायट्रोजन बसवल्याची कल्पना करा. प्रत्यक्षातही ते तसंच तयार होतं: अल्डिहाइड किंवा कीटोनवर प्राथमिक ॲमीनची क्रिया होते, पाणी बाहेर पडतं, इमीन मिळतं. ह्युगो शिफने १८६४ मध्ये ही संयुगं बनवली म्हणून त्यांना शिफ बेसही म्हणतात. तुम्ही आत्ता हे वाचताय त्यातही एका इमीनचा हात आहे. डोळ्याच्या पडद्यात रेटिनल हे अल्डिहाइड ऑप्सिन प्रथिनाला इमीन बंधानेच जोडलेलं असतं.

इमाइड वेगळं. तिथे नायट्रोजन दोन कार्बोनिलांच्या मधोमध असतो. दोघंही त्याचे इलेक्ट्रॉन ओढतात, इतके की त्याच्यावरचा हायड्रोजन चक्क आम्लधर्मी होतो. थॅलिमाइडचा पीकेए (आम्लधर्म मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) सुमारे ८.३ आहे, म्हणजे ते फेनॉलपेक्षाही जास्त आम्लधर्मी. १८८७ मध्ये झीगमुंड गाब्रिएलने प्राथमिक ॲमीन बनवायची जी पद्धत काढली ती याच गुणावर उभी आहे.

एनॅमीन म्हणजे अल्कीन अधिक ॲमीन: दुहेरी बंधातल्या कार्बनवर बसलेला नायट्रोजन. एनॉल म्हणजे त्याच जागी ओएच. या दोन्ही नावांत जोड उघड दिसतो, म्हणून त्यांच्यावर फार वेळ घालवू नका.

टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल तृतीयक, पण टर्शरी ब्युटाइलॲमीन प्राथमिक. हे चुकून छापलंय का?

नाही, छापील बरोबर आहे. दोन्हीकडे मोजणी वेगळ्या अणूवर करतात. अल्कोहोलमध्ये ओएच ज्या कार्बनवर आहे त्याला किती कार्बन लागलेत ते मोजायचं. ॲमीनमध्ये खुद्द नायट्रोजनला किती कार्बन लागलेत ते मोजायचं. एक असेल तर प्राथमिक, तीन असले तर तृतीयक. टर्शरी ब्युटाइलॲमीनमध्ये नायट्रोजनला एकच कार्बन आहे, म्हणून ते प्राथमिक. एकाच शब्दाला दोन अर्थ दिल्याबद्दल मला स्वतःला आजही राग येतो, पण नियम तोच आहे.

इथेनॉल आणि इथेनाल यांत काय फरक? ही शुद्धलेखनाची चूक तर नाही ना?

देवनागरीत हा फरक डोक्यावरच्या एका चंद्राचा आहे. चंद्र असेल तर अल्कोहोल, नसेल तर अल्डिहाइड. इथेनॉल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, इथेनाल २० अंशांच्या आसपास, म्हणजे उकाड्याच्या दिवशी बाटलीचं झाकण उघडताच वाफ होऊ लागतं. आणि इथेनॉइक ॲसिड ११८ अंशांना. तिघांतही कार्बन दोन-दोनच. वहीत घाईघाईने लिहिताना चंद्र राहिला तर तुम्ही पदार्थच बदललेला असतो. म्हणून मी शेवटचं अक्षर मुद्दाम सावकाश लिहायला लावते: -ऑल, -आल, -ओन.

अल्केन, अल्कीन, अल्काइन यांत मात्र स्वर आपल्या मदतीला येतात. १८६६ मध्ये हॉफमनने हायड्रोकार्बनसाठी ए, ई, आय, ओ, यू या क्रमाने प्रत्यय सुचवले होते. जसजसा हायड्रोजन कमी, तसतसा पुढचा स्वर. एक प्रकारची बाराखडीच. त्यातले सुरुवातीचे तेवढे टिकले.

अल्डिहाइड आणि कीटोन दोन्हींत कार्बोनिलच आहे, मग वेगळी नावं का?

कार्बोनिल साखळीच्या टोकाला आहे की मध्ये, एवढ्यावरून. अल्डिहाइडच्या कार्बोनिलला किमान एक हायड्रोजन चिकटलेला असतो, कीटोनला दोन्ही बाजूंनी कार्बन. म्हणूनच सगळ्यात लहान कीटोन तीन कार्बनचं, ॲसिटोन. सगळ्यात लहान अल्डिहाइड एका कार्बनचं, मिथेनाल. त्या एका हायड्रोजनमुळे अल्डिहाइडचं ऑक्सिडीकरण चटकन होऊन ॲसिड मिळतं. कीटोन सहसा दाद देत नाही.

कार्बोनिल आणि कार्बोक्झिल?

कार्बोनिल अधिक हायड्रॉक्सिल (ओएच) म्हणजे कार्बोक्झिल. शब्दही तसाच जोडलाय.

फेनिल, बेंझिल, बेंझॉइल, फेनॉल: यांचा गुंता कसा सोडवायचा?

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथे मी स्वतः आपटले आहे.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी ॲनिलीनचं बेंझॉइलेशन करायचं होतं. कृती सोपी: ॲनिलीन, सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, त्यात थोडं थोडं बेंझॉइल क्लोराइड, बूच लावून जोरजोरात हलवायचं. दहा-पंधरा मिनिटांत बेंझॅनिलाइडचा पांढरा साका बसतो. शेजारच्या टेबलावर सगळ्यांचा बसला. माझ्या फ्लास्कमध्ये तेलाचे थेंब तसेच घरंगळत होते. हात दुखेपर्यंत हलवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे बाटली बरोबरच आहे अशी खात्री वाटत होती. शेवटी बाईंनी बाटली उचलून लेबल माझ्यासमोर धरलं: बेंझिल क्लोराइड. दोन्ही द्रव, दोन्ही उग्र, दोन्ही डोळ्यांना झोंबणारे. फरक एका कार्बोनिलचा. बेंझॉइल क्लोराइडमधल्या कार्बोनिल कार्बनवर ॲनिलीन झडप घालतं. बेंझिलमध्ये तिथे साधा कार्बन, त्याची अभिक्रिया थंड द्रावणात रेंगाळत राहते आणि मिळतं ते ॲमाइड नसून दुसरं एक ॲमीन.

आता नीट मांडू. फेनिल म्हणजे बेंझीनचं कडं थेट जोडलेलं, कार्बन ६. बेंझिल म्हणजे कडं आणि मध्ये एक साधा कार्बन, एकूण ७. बेंझॉइलमध्येही ७, पण तो मधला कार्बन कार्बोनिल. मोजणी केली की चूक होत नाही.

मग बेंझीनच्या कड्याला फेनिल का म्हणायचं, बेंझिल का नाही? कारण फॅरेडेला १८२५ मध्ये बेंझीन सापडलं ते दिव्यांच्या गॅसच्या तेलकट अवशेषात. त्यावरून लॉरेंने ‘प्रकाशणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा आधार घेत त्याला ‘फेन’ म्हटलं. ते नाव मागे पडलं, पण फेनिल आणि फेनॉल मागे ठेवून गेलं. बेंझॉइल हे नाव लीबिग आणि व्योलर यांनी १८३२ मध्ये बेंझॉइक ॲसिडवरून दिलं होतं.

फेनॉलमध्ये ओएच थेट कड्यावर, बेंझिल अल्कोहोलमध्ये एक कार्बन सोडून. फेनॉलचा पीकेए सुमारे १०, बेंझिल अल्कोहोलचा १५ च्या पुढे. म्हणूनच फेनॉल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतं आणि बेंझिल अल्कोहोल त्याची फिकीर करत नाही. ‘फेनॉल हे एक अल्कोहोल आहे’ असं उत्तरात लिहिलंत तर मी अर्धा गुण कापते.

अल्किल, अलिल, अरिल, ॲसिल, ॲसिटिल?

अल्किल: अल्केनमधून एक हायड्रोजन काढल्यावर उरतं ते. अरिल: ॲरोमॅटिक कड्यातून तसंच. ॲसिल: कार्बोनिल असलेला कुठलाही असा गट. ॲसिटिल: ॲसिल कुटुंबातला एक विशिष्ट, दोन कार्बनचा. म्हणजे प्रत्येक ॲसिटिल ॲसिल असतं, उलट नाही.

अलिल आणि व्हायनिल यांची गल्लत जास्त होते. व्हायनिलमध्ये जोडणारा कार्बन स्वतःच दुहेरी बंधात असतो. अलिलमध्ये तो दुहेरी बंधाच्या शेजारचा, म्हणजे फेनिल आणि बेंझिल यांच्यासारखंच नातं. अलिल हे नाव लसणाच्या ‘ॲलियम’ या शास्त्रीय नावावरून आलं. १८४४ मध्ये व्हेर्टहाइम लसणाच्या तेलावर काम करत होता, त्यातून.

नायट्रो, नायट्राइल, नायट्राइट, नायट्रेट?

नायट्राइलमध्ये कार्बन-नायट्रोजन त्रिबंध असतो, ऑक्सिजनचा पत्ताच नाही. बाकी तिघांत नायट्रोजनसोबत ऑक्सिजन आहेत. नायट्रोमध्ये कार्बन थेट नायट्रोजनला जोडलेला. नायट्राइट आणि नायट्रेट एस्टरांत कार्बन ऑक्सिजनमार्फत जोडलेला. कोण कुणाला चिकटलंय याने केवढा फरक पडतो ते बघा: नायट्रोइथेन आणि इथाइल नायट्राइट यांचं रेणुसूत्र एकच, पण पहिलं सुमारे ११४ अंशांना उकळतं आणि दुसरं १७ अंशांना.

सायनाइडच्या घरातही हेच. सेंद्रिय सायनाइड म्हणजे नायट्राइलच, जोडणी कार्बनकडून. आयसोसायनाइडमध्ये जोडणी नायट्रोजनकडून, आणि वास असा की एकदा नाकात गेला की विसरता येत नाही. प्राथमिक ॲमीन ओळखायची कार्बिलॲमीन चाचणी या दुर्गंधीवरच चालते. आयसोसायनेटमध्ये नायट्रोजन, कार्बन, ऑक्सिजन असे ओळीने तीन अणू. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला गळलं ते मिथाइल आयसोसायनेट होतं.

लॅक्टोन आणि लॅक्टम?

कड्यात बंद झालेला एस्टर म्हणजे लॅक्टोन, कड्यात बंद झालेलं ॲमाइड म्हणजे लॅक्टम. शेवटचा ‘म’ ॲमाइडमधला समजा. पेनिसिलिनमध्ये चार अणूंच्या कड्याचं लॅक्टम आहे.

नावात जो गट आहे तो रेणूत असतोच ना?

इथे मी हात जोडते. नाही.

ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्व, यात कार्बोक्झिल गट नाही. ते लॅक्टोन आहे आणि त्याचा आम्लपणा एनॉलच्या ओएचमुळे येतो. पिक्रिक ॲसिड हे तीन नायट्रो गट असलेलं फेनॉल. कार्बोलिक ॲसिड तर निव्वळ फेनॉल. पेट्रोलियम ईथरमध्ये ऑक्सिजनचा एकही अणू नसतो, ते पेंटेन-हेक्झेनसारख्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. नायट्रोग्लिसरीनमध्ये नायट्रो गट नाही, ते नायट्रेट एस्टर आहे. टीएनटीमधले नायट्रो गट मात्र खरे.

आणि सगळ्यात मोठी फसगत ‘व्हिटॅमिन’ या शब्दाची. १९१२ मध्ये काझिमिर फुंकला वाटलं की हे जीवनावश्यक पदार्थ ॲमीन असावेत, म्हणून ‘व्हिटा’ला ‘ॲमीन’ जोडलं. पुढे कळलं की त्यातले बरेचसे ॲमीन नाहीतच. तेव्हा १९२० मध्ये ड्रमंडने इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं ‘ई’ गाळायला सुचवलं. मराठी कानांना त्याने काही फरक पडला नाही.

प्रयोगशाळेत दोन बाटल्या समोर असतील तर कसं ठरवायचं?

अल्डिहाइड की कीटोन: २,४-डायनायट्रोफेनिलहायड्रॅझीनने दोन्ही पिवळा-नारिंगी साका देतात, म्हणजे कार्बोनिल आहे एवढंच कळतं. मग टॉलेन्स अभिकर्मक, म्हणजे अमोनिया घातलेलं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण. नळीच्या आत चांदीचा आरसा उमटला तर अल्डिहाइड. अपवाद लक्षात ठेवा: फ्रुक्टोजसारखं कीटोनही आरसा देतं, आणि बेंझाल्डिहाइड टॉलेन्सला मानतं पण फेलिंगच्या तांब्याच्या द्रावणाला सहसा जुमानत नाही.

ॲसिड की फेनॉल: सोडियम बायकार्बोनेट टाका. बुडबुडे आले तर ॲसिड. साध्या फेनॉलने येत नाहीत, पिक्रिक ॲसिडने येतात.

ॲमीन की ॲमाइड: सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवा. साध्या ॲमाइडमधून अमोनियाचा वास सुटतो आणि तोंडाशी धरलेला ओला लाल लिटमस निळा होतो.

अवरक्त वर्णपट मिळाला तर काम आणखी सोपं. कार्बोनिलची रेषा (आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये) साध्या कीटोनमध्ये १७१५ च्या आसपास, एस्टरमध्ये १७४० कडे, ॲमाइडमध्ये १६५० ते १६९० दरम्यान. ॲनहायड्राइड दोन रेषा देतं, सुमारे १८२० आणि १७६० ला. ईथरमध्ये त्या पट्ट्यात काहीच नाही, तिथे नुसती सपाट रेषा.

मोठ्या रेणूत तीन-चार गट एकदम असले की मी गोंधळतो. सुरुवात कुठून करू?

एका टोकाकडून, आणि प्रत्येक ऑक्सिजन-नायट्रोजनच्या शेजाऱ्याकडे बघत. पॅरासिटामॉल घ्या. हे नाव पॅरा-ॲसिटिलॲमिनोफेनॉलमधली अक्षरं वेचून झालंय. कड्यावर थेट ओएच आहे, तो फेनॉल. समोरच्या टोकाला नायट्रोजन. नावात ‘ॲमिनो’ ऐकून हात ॲमीन लिहायला जातो, पण थांबा. त्या नायट्रोजनच्या दुसऱ्या बाजूला ॲसिटिल आहे, म्हणजे कार्बोनिल. ते ॲमाइड. म्हणून पॅरासिटामॉल सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ॲमीनसारखं क्षार बनवत नाही, पण फेरिक क्लोराइडने निळा-जांभळा रंग देतं.

आता ॲस्पिरिन. कड्यावर दोन ऑक्सिजनवाले गट शेजारी शेजारी. एक कार्बोक्झिल. दुसऱ्यात कड्याला ऑक्सिजन जोडलाय म्हणून पहिल्या नजरेत फेनॉल किंवा ईथर वाटतं, पण त्याच्या पलीकडचा कार्बन बघितला की कार्बोनिल सापडतो: एस्टर. फेनॉल झाकलं गेलंय, त्यामुळे शुद्ध ॲस्पिरिनला फेरिक क्लोराइडने जांभळा रंग येत नाही. जुनी, दमट जागी राहिलेली गोळी कुटून तीच चाचणी करा. झाकण उघडतानाच व्हिनेगरचा वास येतो, आणि द्रावणाचा थेंब पडला की जांभळं होतं. ओलाव्याने एस्टर तुटलंय आणि खालचं फेनॉल उघडं पडलंय.